चिंचेच्या मुळाचे पाइप

भाचीच्या लग्नात द्यायला समई हवी होती, म्हणून परवा कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलला गेले. दुकानाच्या मागच्या अंगाला कारागीर पितळ घासत बसले होते. ओतकामाची ओली माती, पितळेचा कीस आणि भांडी उजळायच्या चिंचेचा आंबट वास, असं सगळं एकदम नाकात शिरलं. दुकानदार मला पाच वातींची समई दाखवत होता आणि माझं लक्ष भिंतीशी ठेवलेल्या एका सुपाकडे. सुपात करंगळीएवढ्या पितळी कड्या होत्या. जुन्या समयांच्या जोडाच्या असाव्यात. त्यातली एक उचलून मी करंगळीत घातली. ती दुसऱ्या पेरावर अडली, आणि आमचं कुंभकोणमचं परसदार त्या कडीएवढ्या भोकातून सबंधच्या सबंध दिसू लागलं.

अशा कड्या आमच्या घरी पुडीत बांधून यायच्या. महिन्यातून एकदा अप्पा सकाळच्या बसनं नाचियार्कोविलला जात आणि दुपारच्या जेवणाला परत येत. पाइपच्या दांडीत जिथं लाकूड संपतं आणि शिंग सुरू होतं, तिथं ही कडी बसायची. माझे वडील पाइप करत. पुण्यात मी हे सांगते तेव्हा लोकांना पाण्याचे पाइप वाटतात. मग मला तोंडापाशी मूठ धरून दाखवावं लागतं. तंबाखू ओढायचे, साहेबलोकांचे पाइप.

आमच्या घरात मात्र कधी कुणी तंबाखू ओढली नाही.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत तंजावरकडे आले. आम्ही कातारी. चरकावर लाकूड कातायचं, पाळण्याचे खांब, ताकाच्या रव्या, लाटणी करायची, हे पिढ्यान्‌पिढ्या. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याच्या बाहेर तमिळ. ती मराठीही तीनशे वर्षांपूर्वीची, वाटेत कुणी न बदललेली. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा माझं 'मज', 'तुज', 'कोठें' ऐकून सासूबाई म्हणाल्या, ही पोथीतून उठून आल्यासारखी बोलते. त्या प्रेमानं म्हणाल्या होत्या, पण मी महिनाभर कमीच बोलले.

रव्या करणारे अप्पा पाइपांकडे कसे वळले, ते मला सांगता येणार नाही. मला कळू लागलं तेव्हा परसात चिंचेच्या मुळांचा ढीग होता आणि त्यावर आमची मांजर निजायची, एवढं आठवतं. साधं लाकूड पाइपला चालत नाही, आगीनं तडकतं. चिंचेचं जुनं झाड पडलं की त्याच्या मुळाशी ज्या गाठी निघतात, माणसाच्या गुडघ्याएवढ्या, त्या लागतात. अरसलार नदीच्या पलीकडच्या गावांतून बैलगाडीवाले त्या आणून टाकत. त्या फोडायच्या, मोठ्या हंड्यात दिवसभर उकळायच्या, पाणी तांबडं झालं की ओतून द्यायचं, पुन्हा उकळायच्या. तिसऱ्या पाण्याला रंग उतरेनासा झाला की गाठी भाताच्या तुसात पुरून ठेवायच्या. त्या वर्षभर तिथंच. उन्हाचा एक कवडसासुद्धा लागू द्यायचा नाही. आई म्हणायची, "बाळंतिणीला इतकें जपत नाहींत हो."

उकळायच्या दिवशी सगळी गल्ली आंबूस वासाची होई. पाऊस पडून गेल्यावर चिंचेखाली येतो तसा वास, पण ऊन ऊन. मला तो फार आवडे. शिंगाचा वास मात्र कुणालाच आवडत नसे. तोंडात धरायची नळी म्हशीच्या शिंगाची असायची, आणि शिंग वाकवायचं तर ते गरम तेलात धरावं लागतं. केस जळल्यासारखी घाण सुटे. त्यामुळं शिंगाला घरात मज्जाव होता. ते परसातल्या विहिरीपलीकडे, पत्र्याच्या छपराखाली. अप्पा शिंगाचं काम करून आले की आई त्यांना देवघराच्या बाजूनं जाऊ देत नसे. आधी विहिरीवर चार बादल्या, मग कोरडं धोतर, मग कॉफी.

पाइपचं बाहेरचं रूप कुणालाही दिसतं. त्याची खरी परीक्षा आत असते. वाटीत तंबाखू भरतात आणि दांडीतून एक बारीक भोक येऊन वाटीच्या तळाशी नेमकं उघडतं. ते तळाच्या वर उघडलं तर खाली ओल साचते आणि पाइप बुडबुडतो. खाली गेलं तर वाटीचा तळच कमजोर. चूक तांदळाच्या दाण्याएवढी असली तरी पाइप वाया. हे भोक अप्पा सामत्यानं पाडत. सामता म्हणजे धनुकलीच्या दोरीनं फिरवायचा गिरमिट. उकिडवं बसून तुकडा दोन्ही पायांच्या तळव्यांत धरायचा, डावा हात वर दाबायला, उजव्या हातानं धनुकली मागं-पुढं. किर्र... किर्र... आमच्या घराचा तो आवाज होता, जसा कुणाच्या घराला तंबोऱ्याचा असतो.

पाइप तयार झाला की तो शेजारच्या पिळ्ळैंकडे जाई. पिळ्ळै कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे, पाइपचे शौकीन. वाटीत आतून मध आणि कोळशाची पूड यांचा लेप असे. तो पहिल्यांदा पेटवायचा मान त्यांचा. ते ओसरीवर डोळे मिटून ओढत आणि आम्ही दोघं निकालाची वाट बघत उभे. "सरि," ते म्हणत. ठीक आहे. यापलीकडे त्यांनी कधी स्तुती केल्याचं आठवत नाही.

मी सोळा-सतरा वर्षांची असेन तेव्हा एकदा पिळ्ळैंनी पाइप अप्पांना परत न देता मला हाक मारली. अप्पा चरकावर होते.

"पाप्पा," पोरीला हाक मारतात तसं ते हळू आवाजात म्हणाले, "हा रडतो आहे."

मी घरी येऊन तार घालून पाहिली. भोक तळापासून चांगलं दोन दाणे वर उघडलं होतं. असं आजवर झालं नव्हतं. मी तो पाइप तुसात लपवला आणि अप्पांकडे बघू लागले. म्हणजे रोजच बघत होते, पण आता बघायचं म्हणून बघू लागले. पटाशी उचलण्याआधी ते धारेवरून अंगठा फिरवत. भर दुपारी तुकडा घेऊन दाराच्या उजेडात जात आणि तिथंही तो नाकाला लागेपर्यंत जवळ धरत. गल्लीतून कुणी गेलं तर त्यानं बोलेपर्यंत हे गप्प. डोळ्यांच्या बाहुल्यांवर नीट पाहिलं तर तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी पांढुरकं उतरलं होतं.

विचारायचं धैर्य मला झालं नाही. हात चालत नाहीत असं कातारी एक वेळ सांगेल, दिसत नाही असं कसं सांगेल? शिवाय ते एकदा बोललं गेलं की खरं झालं असतं.

मग मी भोकं पाडू लागले. मार्गळी, म्हणजे मार्गशीर्षाचा महिना होता. पहाटे सगळ्या बायका दारात कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायला उठलेल्या असतात आणि गल्लीतून भजनाची दिंडी टाळ वाजवत जाते. टाळ जवळ आले की मी परसात सामता फिरवायची, लांब गेले की थांबायची. मी डावखुरी. जेवताना डावा हात पुढं आला की आई चापट मारी, शाळेत मास्तरांनी पाटीवर उजव्यानं लिहायला लावलं, पण हत्यार हातात आलं की डावाच पुढं होई. अप्पांनी मला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून शेजारी बसून बघितलेलं होतं, तेवढंच. पहिले चार तुकडे फुकट गेले. पाचव्याला तार वाटीच्या तळावर अशी अलगद टेकली की मी ती पुन्हापुन्हा घालून पाहिली. सांध्याची आतली बाजूही मीच बारीक सुरीनं साफ करायची.

भोक पाडलेले तुकडे मी अप्पांच्या टोपलीत ठेवून देई. ते येत, टोपलीत हात घालत, तुकड्यावर बोटं फिरवत, जरा थांबत आणि कानस घेऊन बाहेरचं रूप काढायला बसत. ते रूप मात्र पूर्वीपेक्षाही सुरेख होऊ लागलं होतं. डोळे गेले तसे त्यांचे तळवे जागे झाले होते. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मार्गळी सरून टाळ थांबल्यावर मी देवळाच्या घंटा साधू लागले. असं सव्वा-दीड वर्ष गेलं. ते दिवस आठवले की काम आठवत नाही, जपून चालणं आठवतं. सगळं घर भरलेली घागर डोक्यावर घेतल्यासारखं चालत होतं.

आणि मग ते पत्र आलं. कोइम्बतूरकडचे एक मुदलियार होते, वनखात्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. ते वर्षा-दोन वर्षांनी पाइप मागवत. पत्र इंग्रजीत होतं, ते पिळ्ळैंनी वाचून सांगितलं. शुक्रवारी येतो. शेवटचा पाइप सोबत आणतो. तो ज्यानं केला, त्याच्याशी बोलायचं आहे.

"एवढेंच?" अप्पांनी विचारलं.

"एवढंच," पिळ्ळै म्हणाले.

तो शेवटचा पाइप मी भोक पाडलेला होता. मनात काय काय आलं. तडकला असेल. ओढताना हातात फुटून बोटं भाजली असतील. एवढा मोठा माणूस कोइम्बतूरहून चांगलं सांगायला कशाला येईल? आईनं गुरुवारी मारुतीला वड्यांच्या माळेचा नवस केला. शुक्रवारी सकाळी अप्पांनी न्हाव्याला बोलावून दाढी केली आणि धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले, बोटं एकमेकांत अडकवून. मी आतल्या दाराशी. आई माझ्या मागं.

घोड्याच्या जटक्यातून मुदलियार उतरले. उंच, उन्हानं रापलेले, जाड भिंगांचा चष्मा. पिळ्ळैही येऊन बसले. पाणी झालं, प्रवासाचं बोलणं झालं. मग त्यांनी खिशातून पाइप काढला, दांडीतून शिंगाची नळी ओढून वेगळी केली आणि सांध्याचं तोंड उजेडाकडे धरलं.

"राव, तुमच्या घरचे पाच पाइप माझ्याकडे आहेत," ते तमिळमध्ये म्हणाले. "चार एका हाताचे आहेत. हा पाचवा दुसऱ्याच हाताचा आहे."

अप्पांनी आवाजाच्या दिशेला कान वळवला.

"जंगलात चोरून तोडलेलं झाड सापडलं की मी बुंध्यावरचे घाव बघायचो. तोडणारा उजवा की डावा, ते घाव सांगतात. ह्या सांध्याच्या आत सुरीचे वेढे बघा. बाकीच्या चारांत ते एका दिशेनं फिरतात, ह्यात उलटे. हे करणारा डावखुरा आहे. तुमच्या हातावरचे हत्याराचे घट्टे उजव्या तळव्याला आहेत."

"पाइपला कांहीं झालें काय?" अप्पांच्या तोंडून घाबरून मराठीच आलं. मग त्यांनी तेच तमिळमध्ये विचारलं.

"काय व्हायचंय? पाचांत हाच सगळ्यात थंड ओढतो, जिभेला चटका म्हणून नाही. माझे मित्र माझ्या हातातून घेऊन बघतात. मला तो माणूस भेटायला हवा, म्हणून आलो. कुठं आहे?"

दाराची चौकट मी इतकी घट्ट धरली होती की नखांत रंगाचे पापुद्रे गेले. अप्पा आता काय सांगतील? कुणी कामाला ठेवलेला होता म्हणतील? की माझाच म्हणून रेटतील? मला वाटत होतं, रेटावं. तसं झालं असतं तर मी जन्मभर तोंड उघडलं नसतं.

"ती माझी मुलगी," अप्पा म्हणाले. आणि दाराकडे मान वळवून, "बाहेर ये गे."

मी बाहेर आले. हात पदरात लपवले.

"तुम्हांस कसें कळलें?" मी अप्पांनाच विचारलं. पाहुण्यांसमोर असं बोलायची ती पहिलीच वेळ.

"पहिल्याच दिवशीं कळलें. सामत्याची दोरी मीं ओढितों तेव्हां एक आवाज, तूं ओढितेस तेव्हां दुसरा. टाळ वाजवून का तो झांकतो?" ते जरासे हसले. मग त्यांनी मुदलियारांकडे, म्हणजे त्यांचा आवाज येत होता त्या दिशेला, तोंड केलं आणि तमिळमध्ये अगदी साधेपणानं सांगितलं, "मला दिसत नाही. दोन वर्षं होत आली. मी घरात कुणाला बोललो नाही."

शेजारी कुणाच्या तरी दारात भाजीवाली ओरडत होती, ती ओरडून पुढं गेली. मग आई कॉफी घेऊन बाहेर आली. तिनं अप्पांचा पेला त्यांच्या उजव्या गुडघ्यापासून एक वीत अंतरावर ठेवला.

"दोन वर्षें पेला येथेंच ठेवितें मीं," ती म्हणाली. "तुमच्या ताटांतले खडे मीं वेंचितें. मज ठाऊक नाहीं असें वाटलें तुम्हांस?"

पिळ्ळैंना मराठी कळत नसे, पण हे कळलं असावं. ते घसा खाकरून म्हणाले, "रोज सकाळी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो ते काय माझ्या हौसेखातर?"

आधी कुणी हसलं ते आठवत नाही. बहुतेक अप्पाच. मग पिळ्ळै, मग आई तोंडाला पदर लावून. मी हसत होते आणि रडतही होते. दोन वर्षं आम्ही चौघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो आणि ती चौघांनाही माहीत होती. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की माझे खांदे किती दिवस दुखत होते.

मुदलियारांनी आपला जाड चष्मा काढला आणि अप्पांचा हात धरून त्यावर ठेवला. अप्पांची बोटं काचेवरून फिरली, कडेशी पातळ, मध्ये फुगीर.

"इतकी जाड?"

"इतकी जाड. मोतीबिंदू होता. माझंही असंच सगळं धुक्यात गेलं होतं. कापून काढतात. आता चष्मा लावला की झाडाचं पान न्‌ पान दिसतं. तंजावरच्या सरकारी इस्पितळात होईल. एवढं का थांबलात?"

पुढच्याच आठवड्यात आम्ही अप्पांना घेऊन तंजावरला गेलो.

त्या वेळी ती शस्त्रक्रिया आजच्यासारखी सकाळी जाऊन दुपारी घरी यायची नव्हती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. आठवडाभर अप्पा तसे उताणे पडून होते. मी शेजारी बसून त्यांना भाताची पेज भरवायची. खिडकीबाहेर काय आहे ते विचारत, मी सांगत असे. खोकला आला तर सगळं बिघडेल असं कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळं त्यांनी घसा साफ केला तरी आई उभी राही. मग पट्टी निघाली. पुढं चष्मा मिळाला. तो लावून त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हिचें नाक माझ्या आईसारखें झालें," ते म्हणाले. "कधीं झालें?"

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते परसात गेले. त्या दोन वर्षांत त्यांनी मधूनमधून स्वतः भोकं पाडलेले जे पाइप बिघडले होते, ते मी निरनिराळ्या जागी लपवले होते, तुसात, छपराच्या वाशात, जात्यामागं. मला वाटत होतं ते कुणाला सापडणार नाहीत. अप्पांनी एकेक करून सगळे काढले. बहुधा ते कुठं कुठं आहेत हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. विहिरीच्या कठड्यावर ओळीनं मांडून ते एकेक उचलू लागले आणि दांडीतून आभाळाकडे बघू लागले.

"हें बघ," मला म्हणाले, "हें भोंक कोठें चाललें आहे? मद्रासेस?"

पुढच्याचं त्याहून वाईट होतं. तिसऱ्याला भोक वाटीपर्यंत पोचलंच नव्हतं. अप्पा हसायला लागले. चष्म्याच्या जाड काचांमागं त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत होते, आणि त्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं होतं असं मी धरून चालले. मग त्यांनी सगळे पाइप धोतराच्या ओच्यात घेतले आणि न्हाणीच्या चुलवणाशी जाऊन हंड्याखाली सरकवले.

उकळून, वाळवून, वर्षभर जपलेलं लाकूड ते. हळूहळू पेटलं, पण पेटलं तसं निखाऱ्यासारखं लाल, धूर न करता. मधाचा लेप जळल्याचा गोड वास सुटला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली. पिळ्ळैंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय जळतंय? सुंगान?" त्यांचा पाइपला तो शब्द.

"होय," अप्पा म्हणाले. "आज ते सगळे नीट ओढत आहेत."

त्या पाण्यानं अप्पांनी आंघोळ केली. डोकं मात्र भिजवलं नाही, डॉक्टरांनी मनाई केली होती. मग कोरडं धोतर नेसून, कॉफी घेऊन, ते चरकापाशी आले. मी टोपलीतून एक तुकडा घेऊन त्यांच्यापुढं धरला. सामता त्यांच्याकडे सरकवला. तो त्यांचाच होता.

त्यांनी तो उचलला, त्याच्या टोकाकडे पाहिलं, आणि माझ्या डाव्या हातात दिला.

"तूं पाड," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून समोर बसले. "मीं बघतों."